देवळीची छावणी आणि राष्ट्रीयत्वाचा रकाना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आम्हाला बोलण्याची संधी दिल्याबद्दल कार्यकारिणीचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे. बी.ए. पर्यंतचे शिक्षण आणि तीस वर्षांची सरकारी नोकरी, एवढेच आमचे भांडवल. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. विषय मात्र आम्ही जाणूनबुजून थोडा कडू निवडला आहे. गोडधोड तर उद्याच्या स्नेहभोजनात आहेच.

देवळी म्हटले की आपल्यापैकी वऱ्हाडकडच्या मंडळींना वर्धा जिल्ह्यातील देवळी आठवेल, आणि नाशिककरांचे मन देवळालीकडे धावेल. आम्ही बोलणार आहोत ते राजस्थानातील देवळीविषयी. कोटा, बुंदी आणि टोंक यांच्या परिसरातील हे एक छोटे गाव. गावाबाहेर इंग्रजांच्या वेळची लष्करी वस्ती होती. १९४१ साली तेथेच कॉम्रेड डांगे, रणदिवे, जयप्रकाश नारायण आदी राजबंद्यांना स्थानबद्ध केले होते. पुढे महायुद्ध पूर्वेकडे पसरले, तेव्हा ब्रिटिश अमलाखालील प्रदेशांत पकडलेल्या जपानी नागरिकांना, बायकामुलांसह, आधी दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात आणि नंतर देवळीत ठेवले गेले. स्वराज्य आले, राजबंदी सुटून गेले, जपानी मायदेशी गेले. भिंती तेवढ्या राहिल्या. १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांना पुन्हा माणसे मिळाली. ती परकीय सैनिक नव्हती. शिलाँग, दार्जिलिंग, तिनसुकिया, माकुम अशा गावांतील आपलेच रहिवासी होते. त्यांचा दोष एकच, त्यांचे वाडवडील चीनमधून आले होते.

युद्धकाळात शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना अटकावून ठेवण्याची प्रथा काही आपण काढलेली नाही. १९३९ साली युद्ध पुकारले जाताच हिंदुस्थानातील जर्मनांना प्रथम अहमदनगरच्या छावणीत आणले. पुढे ते देवळालीस आणि तेथून डेहराडूनला गेले. काही कुटुंबे आपल्या पुरंदर किल्ल्यावर ठेवली होती. ज्या गडावर शंभूराजांचा जन्म झाला, त्याच गडावर जर्मन मुले खेळत होती, ही गोष्ट महाराष्ट्रातही फारशी कोणास ठाऊक नाही. या बंदिवानांत हिटलरच्या छळाला भिऊन पळून आलेले ज्यूदेखील होते. ज्याच्या भयाने घर सोडले, त्याचेच हस्तक म्हणून त्यांना धरले! बौद्ध धर्माचे पंडित लामा अनागारिक गोविंद यांनी ब्रिटिश प्रजाजनत्व घेतले होते. पण जन्म जर्मनीतला, म्हणून तेही तारेच्या कुंपणाआड गेले.

तथापि या प्रथेचे सर्वांत मोठे आणि सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेचे आहे. पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केला तो ७ डिसेंबर १९४१ रोजी. पुढे अडीच महिन्यांच्या आतच, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. त्या आदेशाच्या बळावर पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरे, शेते, दुकाने सोडावी लागली. वाळवंटांत आणि ओसाड माळांवर दहा छावण्या उभारल्या, त्यांत त्यांना नेऊन ठेवले. यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात एका जपानी वंशाच्या दुकानदाराने हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानावर मोठा फलक लावला, की मी अमेरिकन आहे. डोरोथिया लँग यांनी ते छायाचित्र टिपले. फलक आपल्या जागी राहिला आणि मालकाची रवानगी छावणीत झाली.

आता कोणी म्हणेल, युद्धात सावधगिरी नको काय? जरूर हवी. पण त्याच काळात हवाई बेटांवर काय झाले ते पाहावे. पर्ल हार्बर तेथलेच. लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक माणसे जपानी वंशाची. शेते, गोद्या, कारखाने त्यांच्याच श्रमावर चालत. त्या सर्वांना उचलले तर बेटांचा कारभारच थांबला असता. म्हणून तेथे थोड्यांचीच धरपकड झाली, बाकीचे लोक आपापल्या कामावर राहिले आणि बेटे सुरक्षित राहिली. जेथे धोका सर्वांत जवळ होता तेथे विश्वास टाकणे शक्य झाले, आणि जेथे शेजाऱ्यांचा डोळा सुपीक जमिनींवर होता तेथे सर्वांची उचलबांगडी आवश्यक ठरली. सावधगिरी कोठे संपते आणि आकस कोठे सुरू होतो, हे समजण्यास एवढा दाखला पुरेसा आहे.

१९४३ साली छावण्यांतील प्रौढांपुढे एक प्रश्नपत्रिका ठेवण्यात आली. तुम्ही अमेरिकेच्या सैन्यात जाल काय? जपानच्या सम्राटावरील निष्ठा सोडाल काय? जी निष्ठा कधी वाहिलीच नाही, ती सोडायची कशी, असा प्रश्न तरुणांना पडला. वडीलधाऱ्यांची अडचण आणखी निराळी. त्या पिढीला अमेरिकेचे नागरिकत्व घेण्याची कायद्यानेच बंदी होती, ती बंदी उठली १९५२ साली. म्हणजे ‘होय’ म्हणावे तर कोणत्याच देशाचे उरत नाही, आणि ‘नाही’ म्हणावे तर बेइमान ठरतो. तरीही याच छावण्यांतून शेकडो तरुण सैन्यात गेले. जपानी वंशाच्या सैनिकांच्या ४४२ व्या पलटणीने इटली आणि फ्रान्समध्ये पराक्रमाची शर्थ केली. मुलगा युरोपात लढतो आहे आणि आईबाप तारेच्या कुंपणाआड रांगेत जेवण घेत आहेत, असे ते विपरीत दृश्य होते.

बंधुभगिनींनो, अमेरिकेची कथा सांगताना आवाज चढवणे सोपे असते. दुसऱ्याच्या घरातील केर आपणास लवकर दिसतो. म्हणून आता आपल्या घराकडे वळतो.

चिनी माणूस भारतात काही काल-परवा आला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत, टोंग अच्यू नावाच्या गृहस्थाने कलकत्त्याजवळ बजबजच्या परिसरात साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावाला अछिपूर म्हणतात. आसामात चहाचे मळे घालताना इंग्रजांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस चिनी कारागीर आणले. पुढे सुतार, चर्मकार, धोबी, दंतवैद्य, हॉटेलवाले अशा नात्यांनी ही माणसे शहरोशहरी स्थिरावली. कलकत्त्याचे टांगरा आणि टिरेटा बाजार आपण जाणतोच. मुंबईत माझगावला चिन्यांचे छोटेसे देऊळ आजही आहे. आसामातील माकुममध्ये तर चिन्यांची स्वतंत्र वस्तीच होती. कित्येकांच्या बायका आसामी, खासी किंवा नेपाळी होत्या. मुले घरात एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलत. आपल्या घरांतून तरी याहून निराळे काय चालते?

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. २६ तारखेस आणीबाणी पुकारली गेली. त्या दिवसांतील देशाची मनःस्थिती आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावी. बायकांनी अंगावरचे सोने उतरवून दिले, मुलांनी खाऊचे पैसे दिले. नोव्हेंबरात बोमडिला पडले, तेजपूर रिकामे झाले. भय खोटे नव्हते, फसवणुकीचे दुःखही खोटे नव्हते. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉक्टर चोळकर १९३८ साली ज्या चीनच्या मदतीस धावून गेले, जेथे कोटणीसांनी १९४२ साली देह ठेवला, त्याच चीनच्या फौजा वीस वर्षांनी आपल्या अंगावर आल्या. संताप येणे स्वाभाविकच होते. पण तो संताप सीमेवरील सैन्यावर काढता आला नाही. तो शेजारच्या जोड्यांच्या दुकानावर निघाला.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शिलाँग, आसाम, दार्जिलिंग या भागांत पोलीस चिनी घरांच्या दारांशी आले. थोडे सामान बरोबर घ्या, एवढे सांगून त्यांना नेले. काही दिवस स्थानिक तुरुंगांत ठेवून नंतर आगगाडीत बसवले. प्रवास सुमारे सात दिवसांचा. वाटेत लोकांचा जमाव चालून येई, म्हणून कित्येकदा गाडी स्टेशनावर न थांबवता आडरानात थांबवत, असे त्या प्रवासातील लोकांनी पुढे सांगितले आहे. सुमारे तीन हजार माणसे अशा रीतीने देवळीत आली. त्यांत म्हाताऱ्या आज्या होत्या, गरोदर स्त्रिया होत्या, शाळेतून उठवलेली मुले होती. हिमालयाच्या पायथ्याची माणसे राजस्थानात येऊन पडली. काहींचा जन्म त्या छावणीत झाला, काहींचा मृत्यू.

आणि २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली होती! म्हणजे पुष्कळांना देवळीत पोचवण्यापूर्वीच लढाई थांबली होती. छावणी मात्र थांबली नाही. शेवटची कुटुंबे तेथून बाहेर पडली ती १९६७ साली.

या प्रकरणाची कायदेशीर बाजू आम्हाला, एक सरकारी नोकर म्हणून, अधिक अस्वस्थ करते. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० नंतर भारताच्या भूमीवर जन्मलेले मूल, त्या वेळच्या तरतुदीनुसार, जन्मानेच भारताचा नागरिक होते. आईबाप कोणत्या देशाचे हे पाहिले जात नसे. तेव्हा १९६२ साली देवळीत आलेली दहा-अकरा वर्षांची आणि त्याखालील मुले, जी येथेच जन्मली होती, ती भारताची नागरिक होती. पण आणीबाणीतील वटहुकूम व आदेश यांनी प्रश्नच बदलून टाकला. तू काय केलेस, हा प्रश्न मागे पडला. तुझे आईबाप, तुझे आजे-आज्या कोणाचे प्रजाजन होते, हा प्रश्न पुढे आला. माणसाला आपल्या कृत्याचा जाब देता येतो. आजोबांच्या जन्मगावाचा जाब तो काय देणार?

येथे एक आठवण सांगावीशी वाटते. नोकरीच्या आरंभी आमच्या कचेरीत एक ज्येष्ठ सहकारी होते, निवृत्तीला आलेले. अत्यंत शिस्तीचे, अक्षर मोत्यासारखे. ऐन विशीत ते आसामातील एका कचेरीत लेखनिक होते. एकदा दौऱ्यावर असताना, रात्री विश्रामगृहाच्या व्हरांड्यात, ते आपणहून बोलू लागले.

“अहो, त्या वर्षी याद्या आम्हीच लिहिल्या,” ते म्हणाले. “नाव, वय, वडिलांचे नाव, राष्ट्रीयत्व, असे रकाने होते. एक मुलगी होती, नऊ वर्षांची. आमच्या बिऱ्हाडासमोरच राहायची. आमच्या आईकडे रोज संध्याकाळी यायची, पुरणपोळी तिला भारी आवडे. तिचे नाव आले तेव्हा राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात आम्ही ‘चिनी’ लिहिले.”

“वरून तसा हुकूम होता का?” आम्ही विचारले.

“हुकूम कसला! कोणी विचारलेच नाही. आम्हीही विचारले नाही. हात थांबला असता तर निदान आज सांगायला काही उरले असते. हात थांबलाच नाही.”

पुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ती मुलगी परत आली का, हे विचारण्याचा आम्हाला धीर झाला नाही. ते सहकारी आता हयात नाहीत. पण आज कोणत्याही यादीवर सही करण्याची वेळ आली, की तो व्हरांडा आम्हाला आठवतो. मोठे अन्याय नेहमी मोठी माणसेच करतात असे नाही. पुष्कळदा ते सुंदर अक्षरात, ठरलेल्या रकान्यांत, कचेरीच्या वेळेत पार पडतात.

देवळीनंतर काय झाले तेही थोडक्यात सांगतो. १९६३ साली चीनने मद्रास बंदरात जहाजे पाठवली. त्यांतून दोन हजारांहून अधिक माणसे चीनला गेली. त्यांतील कित्येकांनी तो देश पूर्वी कधी पाहिलाही नव्हता. जे येथेच राहिले ते सुटून घरी आले, तेव्हा अनेकांचे घर उरले नव्हते. माकुमच्या वस्तीतील घरे-दुकाने शत्रूची मालमत्ता म्हणून विकली गेली होती. शेजारी ओळख दाखवीनासे झाले. परवान्यावाचून गाव सोडण्याची बंदी आणि पोलीस ठाण्यावरील हजेरी ही पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. अखेर पुष्कळांनी कॅनडाची वाट धरली. आज टोरोंटोच्या परिसरात ही कुटुंबे राहतात. त्यांच्यातील वृद्ध माणसे आजही हिंदी, आसामी, नेपाळी बोलतात असे सांगतात.

दीर्घकाळ या प्रकरणाचा आपल्याकडे उच्चारही झाला नाही. २०१० साली रीता चौधुरी यांनी ‘माकाम’ ही असमिया कादंबरी लिहिली, तेव्हा आसामात या विषयाला वाचा फुटली. २०२० साली जॉय मा आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांचे ‘द देवळीवालाज’ हे इंग्रजी पुस्तक आले. जॉय मा यांचा जन्मच त्या छावणीतला. स्वतःला देवळीवाले म्हणवणाऱ्या या मंडळींना सूड नको आहे, मोठी नुकसानभरपाईही त्यांनी मागितलेली नाही. झाले ते चुकले, एवढे आपल्या देशाने म्हणावे, ही त्यांची अपेक्षा आहे. ‘आपल्या देशाने’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. परक्या देशाकडून कोणी अशी अपेक्षा करीत नाही.

अमेरिकेने ते म्हटले. उशिरा म्हटले, पण म्हटले. १९४४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने फ्रेड कोरेमात्सु यांच्या खटल्यात सरकारचीच बाजू उचलून धरली होती. १९८३ साली त्यांची शिक्षा न्यायालयाने रद्द केली. त्याच साली सरकारी आयोगाने निष्कर्ष काढला, की या कृत्याला लष्करी गरज कारणीभूत नव्हती. वंशद्वेष, युद्धज्वर आणि पुढाऱ्यांचा कमकुवतपणा ही खरी कारणे होत. १० ऑगस्ट १९८८ रोजी अध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली. राष्ट्राने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक स्थानबद्धास २०,००० डॉलर देण्याचे ठरले. कॅनडानेही त्याच वर्षी आपल्या जपानी वंशाच्या नागरिकांची क्षमा मागितली. यामुळे त्या राष्ट्रांची प्रतिष्ठा कमी झाली असे कोणी म्हणत नाही. आपले राष्ट्र त्यांच्याहून वयाने लहान असले, तरी संस्कृतीने थोरले आहे असे आपण अभिमानाने सांगतो. त्या थोरपणाला शोभेल असे हे काम अजून बाकी आहे.

आता शेवटचा मुद्दा. हे सारे मराठी मंडळाच्या व्यासपीठावर कशासाठी?

आपण घरापासून दूर आलेली माणसे आहोत. पन्नास वर्षांपूर्वी आपल्यातील काही कुटुंबांनी एकत्र येऊन हे मंडळ काढले, ते गणपती बसवावा, नाटक करावे, मुलांच्या कानांवर मराठी पडावी म्हणून. त्यात कोणाला बेइमानी दिसली नाही. या शहराने आपली दिंडी आपल्याच रस्त्यावरून जाऊ दिली. माकुमच्या चिन्यांचीही अशीच मंडळे होती. त्यांचेही नववर्ष होते, शाळा होती, देऊळ होते. त्यांच्या आणि आपल्या नशिबात फरक पडला तो गुणांमुळे नव्हे. आपल्या आजोळाशी देशाचे युद्ध झाले नाही, एवढाच तो फरक आहे.

तरीही परकेपणाचे लहानसे चटके आपणा सर्वांना बसलेले असतात. एका गावी आमची बदली झाली असता तेथे बाहेरच्यांविरुद्ध आंदोलन पेटले. आमची मुलगी तेव्हा तिसरीत होती. ती घरी येऊन विचारू लागली, “बाबा, आपण खरे कुठले?” तिचा जन्म त्याच गावच्या इस्पितळातला. आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्याच वेळी हेही आठवले, की १९६० नंतरच्या दशकात आपल्या मुंबईत दाक्षिणात्य मंडळींच्या मुलांनीही असाच प्रश्न आपल्या घरी विचारला असेल. तेव्हा रस्त्यावर कोण होते, हे आपण जाणतो. चटका बसणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या जागा फार लवकर बदलतात.

राष्ट्रीयत्व म्हणजे चेहरा नव्हे, आडनाव नव्हे, आजोबांचे गाव नव्हे. ज्या भूमीत माणूस राबतो, कर भरतो, आपले मृत पुरतो किंवा दहन करतो, जिच्या सुखदुःखात सामील होतो, तिच्याशी जडलेले नाते म्हणजे राष्ट्रीयत्व, असे आम्हाला वाटते. शांततेच्या काळात हे सर्वांना मान्य असते. कसोटी लागते ती युद्धाच्या काळात, शेजाऱ्याच्या दाराशी शिपाई येतो तेव्हा. त्या वेळी सर्वांनीच वीरपुरुष व्हावे असे आमचे म्हणणे नाही. निदान लेखनिकाचा हात क्षणभर थांबावा, शेजाऱ्याने ओळख नाकारू नये, आणि घराची किल्ली कोणी विश्वासाने सोपवली तर परत येईपर्यंत ती जपून ठेवावी, इतकेच म्हणणे आहे.

आपल्या मंडळाचा हीरकमहोत्सव व्हावा, शताब्दी व्हावी, आणि त्या सोहळ्यांत या शहरातील सर्व भाषांचे शेजारी आपल्या पंगतीला बसलेले असावेत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद.